टाळीची जागा

पोर्ट सईदमधल्या अर्ध्या लोकांचं इंटरनेट शाहीनाझच्या हातात होतं आणि उरलेल्या अर्ध्यांच्या शिव्या तिच्या वाट्याला होत्या. कंपनीत तिचं पद इंजिनिअरचं. काम मात्र दिवसभर फोनवर रागावलेल्या माणसांना थंड करायचं. "स्पीड नाही" म्हणत भांडायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारायची, "चित्र अडकतं, की उत्तर उशिरा येतं?" त्यावर लोक आणखी भडकायचे. त्यांच्या मते दोन्ही एकच. शाहीनाझच्या मते त्यात सर्दी आणि मोडलेला पाय इतका फरक होता, आणि लोक दोन्हींवर एकच गोळी मागत होते, मोठ्या पॅकेजची.

तर अशा ह्या शहाण्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिचा शहाणपणा कसा पार वाऱ्यावर गेला, त्याची ही गोष्ट.

नवरा मुलगा हैथम. पोर्ट फुआदला जाणाऱ्या फेरीबोटीवर तो सुकाणूला असायचा. सुएझ कालवा ओलांडायला फेरीला इतका कमी वेळ लागतो, की हैथमने जाताना सुरू केलेलं वाक्य येताना पूर्ण व्हायचं. लग्नाची मागणीसुद्धा अशीच दोन खेपांत घातली गेली. मधल्या वेळात शाहीनाझ पलीकडच्या काठावर उभी राहून खारे शेंगदाणे खात होती, पण त्यांची चव काही तिला आठवत नाही.

मुलीचा बाप रय्यस बदावी. मालवाहू जहाजावर इंजिनाचा मिस्त्री. जमिनीवर असला की मात्र अल-अरब मोहल्ल्याच्या दम्म्याचा म्होरक्या. दम्म्याला स्टेज लागत नाही आणि तिकीटही लागत नाही. मध्ये सिमसिमियाच्या तारा छेडणारा गायक, भोवती माणसांचं कडं. गायकाने ओळ टाकायची, कड्याने टाळ्यांच्या ठेक्यात ती झेलून परत करायची. ह्यात एक नियम असा, की कड्याची टाळी कानात पडल्याशिवाय गायकाने पुढचं अक्षर तोंडातून काढायचं नाही. जो काढतो त्याला आमच्याकडे गायक म्हणत नाहीत, घाईचा प्रवासी म्हणतात.

शाहीनाझ जन्मली त्या आठवड्यात बदावीने तिच्यावर एक गाणं रचलं होतं. सगळं सवाल-जवाबाचं.

"आज दिवा कुणाच्या घरी?"

"बदावीच्या घरी!"

"कुणी आणला लाटांवरी?"

"चंद्राने आणला लाटांवरी!"

मोहल्ल्यातल्या पोरासोरांना हे गाणं पाठ. फक्त शेवटचं कडवं कुणालाच माहीत नव्हतं. ते बदावीने राखून ठेवलं होतं, शाहीनाझच्या मेंदीसाठी. त्याची बायको नवाल हिने ते काढून घ्यायला काय काय नाही केलं! लाडीगोडी केली, अबोला धरला, तळलेला मासा पुढ्यात ठेवून मागे ओढून पाहिला. बदावी मासा खाऊन मोकळा व्हायचा आणि कडवं गिळून.

लग्नाआधी त्याचं जहाज कालव्यातूनच यायचं होतं. घराच्या दारातच उतरायचं म्हणा ना. पण त्या दिवसांत वाटेतल्या हल्ल्यांच्या भीतीने जहाजं कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली होती. बदावीचा निरोप आला, की आमचंही जहाज वळलं, लग्नापर्यंत काही पोहोचत नाही.

नवालने गॅलरीत उभं राहून समुद्राला ऐकवलं, "जगातली जहाजं माझ्या नाकासमोरून जातात, आणि माझ्याच नवऱ्याचं तेवढं सगळं जग बघून येतं!"

बापासाठी लग्न आधीच दोनदा पुढे ढकललेलं होतं. तिसऱ्यांदा ढकलायला बदावीनेच नकार दिला. "हैथमचे केस पिकतील," म्हणाला. सगळ्यांना पटलं. पण मग त्या कडव्याचं काय? दुसऱ्या कुणी गायचं तर ते कुणाला येत नाही. लिहून पाठव म्हटलं तर तो म्हणे, "कडवं लिहायचं नसतं, टाकायचं असतं."

तेव्हा शाहीनाझ भर गल्लीत, सगळ्या शेजाऱ्यांदेखत बोलून गेली, "बाबा नाही आले तरी बाबांचा आवाज येईल. मी काय उगाच इंजिनिअर झालेय? मेंदीच्या दिवशी बाबा जहाजावरून गातील आणि तुम्ही सगळे इथून टाळ्या द्याल. माझी जबाबदारी."

गल्लीने टाळ्या वाजवल्या. बायकांनी तिथल्या तिथे झगारीत घातली, म्हणजे जीभ उडवून असा काही लांब आनंदी टाहो फोडला, की गॅलऱ्यांमधली कबुतरं उडाली. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

पहिल्या तालमीला सगळे गल्लीत जमले. ढोलकीवर अम्मो मितवल्ली, म्हणजे मितवल्लीकाका. हा बदावीचा जिवलग, कालव्यात जहाजं पार करून देणारा निवृत्त पायलट, आणि आयुष्यभर मोठमोठ्या कप्तानांना हुकूम सोडल्यामुळे साध्या माणसांशी हळू बोलणं विसरलेला. भिंतीवर पांढरी चादर ताणली, त्यावर चित्र पाडलं. बदावी आला, पण हप्त्याहप्त्याने आला. आधी मिशी आली, मग बऱ्याच वेळाने तिच्यावरचं नाक. आवाजाचे तर तुकडे पडत होते.

"आज दि... ना... री?" बदावी म्हणाला.

"काय विचारतोय तो?" अम्मो मितवल्ली ओरडले. "दिनार मागतोय का?"

"गातायत ते, अम्मो."

"ह्याला गाणं म्हणतात? उचकी लागलीय त्याला. पाणी पाजा कुणीतरी!"

शाहीनाझला दुखणं लगेच कळलं. चित्र अडकतंय, म्हणजे वाट अरुंद आहे. बँडविड्थ कमी. जहाजावर सगळ्या खलाशांना मिळून एकच चिंचोळी लाइन, त्यात कुणी फुटबॉल बघतोय, कुणी मनिलाला बायकोशी बोलतोय. इकडे गल्लीतही तोच प्रकार, घराघरांत पोरं खेळ खेळत बसलेली. सगळ्यांचा माल एकाच बोळातून निघाला तर कुणाची हातगाडी आधी जाणार?

मग ती कामाला लागली. गल्लीत नवी, जाडजूड लाइन ओढून घेतली. शेजाऱ्यांकडे दारोदार फिरून तिने वचन घेतलं, की मेंदीच्या संध्याकाळी आपापले राउटर बंद ठेवायचे. एका म्हातारीने राउटरवर ओला टॉवेल टाकून ठेवते म्हणून सांगितलं, तेव्हा शाहीनाझने तिच्या हातापाया पडून तो बेत रद्द करवला. तिकडे बदावीने कप्तानाला गाठलं. मुलीची मेंदी म्हटल्यावर कप्तान विरघळला आणि त्याने हुकूम काढला, की गाणं चालू असेपर्यंत दुसऱ्या कुणी नेटला हात लावायचा नाही. खलाशांनी तक्रार केली नाही. फक्त आम्हालाही गाणं ऐकू द्या म्हणाले.

दुसऱ्या तालमीला चादरीवर बदावी प्रकटला आणि गल्ली गपगार झाली. चित्र इतकं स्वच्छ, की गालावर दाढी करताना लागलेलं दिसत होतं. मागे समुद्र, त्यावर ऊन.

"वाळलास रे!" नवाल म्हणाली आणि ओढणीने डोळे टिपायच्या आधी तिने स्वतःचे केस सारखे केले.

गल्लीने शाहीनाझला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. अम्मो मितवल्लींनी तिच्या डोक्याचा मुका घेतला. ती लाजली, आणि खरं सांगायचं तर थोडी फुगलीही.

मग बदावीने तार छेडली. "आज दिवा कुणाच्या घरी?"

"बदावीच्या घरी!" कडं गरजलं. टाळ्या पडल्या.

चादरीवर बदावी तसाच बसून होता. कान देऊन. त्याला अजून काही ऐकूच आलं नव्हतं. मग जवाब पोहोचला, त्याने मान डोलावली आणि पुढची ओळ टाकली, पण ती इथे येईपर्यंत इथला ठेका थंडावला होता. कड्याने मग त्याच्यासाठी जरा सावकाश घेतलं. ते सावकाश ऐकून तोही सावकाश झाला. तो सावकाश झाला म्हणून अम्मो मितवल्लींची ढोलकी आणखी रेंगाळली. दोन कडव्यांत गाण्याची अशी रया गेली, की मेंदीचं गाणं आहे की मयतीचं, कळेना. शेवटी दोन्हीकडचे एकदमच बोलायला लागले.

"तुम्ही थांबा जरा!"

"अरे, तू थांब!"

आणि दोन्हीकडचे एकदमच थांबले. पुष्कळ वेळ कुणीच बोलेना. मग पुन्हा दोघं एकदम, "हं, बोल!"

"पोरी," अम्मो मितवल्ली गरजले, "लाइन आणखी रुंद कर! हवं तर माझ्या घरातून ओढ!"

शाहीनाझ पायरीवर बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"अम्मो, कालवा रुंद केला तेव्हा काय झालं?"

"काय झालं म्हणजे? जास्त जहाजं जायला लागली. समोरून येणाऱ्यासाठी ताटकळत बसणं कमी झालं."

"आणि सुएझहून इथवर यायचं अंतर?"

"अंतराला काय धाड भरलीय? ते तेवढंच. रुंद केल्याने लांबी आक्रसते होय?"

"तेच झालंय. आपण वाट रुंद केली, म्हणून बाबा आता अख्खे येतात, तुकड्यातुकड्याने नाही. पण वाट लांबची आहे. त्यांचा आवाज जहाजावरून वर उपग्रहापर्यंत चढतो, मग इथे उतरतो. आपली टाळी पुन्हा तशीच वर चढते, तिकडे उतरते. ह्या उशिराला लेटन्सी म्हणतात. तो कितीही मोठ्या पॅकेजने जात नाही."

अम्मो मितवल्लींनी आभाळाकडे पाहिलं. "म्हणजे जहाजाचं सोड, बदावीचा आवाजसुद्धा आफ्रिकेला वळसा घालून येतोय!"

"तसंच समजा."

"आणि हे तुला आत्ता कळलं? इंजिनिअर ना तू?"

"इंजिनिअरला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," शाहीनाझ म्हणाली. "मुलीने ऐकून घेतलं नाही."

रोज शंभर माणसांना ती हेच समजावायची आणि मनातल्या मनात हसायची, की काय खुळी माणसं, उशिरावर रुंदीचं औषध मागतात. आता स्वतःवर आलं तेव्हा तीच गोळी तिने सगळ्या गल्लीला खिलवली होती. तिला स्वतःचा राग आला, आणि रागाहून जास्त रडू आलं. मेंदी परवावर आली होती.

रात्रीच्या जेवणाआधीच तिला उपाय सुचला. सुचला म्हणजे काय, कालव्यातलाच होता. जिथे दोन जहाजांना एकदम जाता येत नाही तिथे काफिला एका दिशेनेच सोडतात. तिने बदावीला फोन लावला.

"बाबा, तुमचा आवाज इकडे येऊ दे. आमचा तिकडे पाठवायचाच नाही. तुम्ही गात राहा, जवाबापुरती जागा सोडा, आम्ही त्या जागेत टाळी देऊ. इथे बसलेल्यांना सगळं ठेक्यात ऐकू येईल. उशीर होईल, पण तो सगळाच्या सगळा सारखा होईल, म्हणजे कुणाला कळणारच नाही."

"आणि मला काय ऐकू येईल?"

"तुम्हाला... काही नाही."

पलीकडे नेहमीचा उशीर झाला. मग त्यावर आणखी थोडा.

"पोरी, टाळी ऐकल्याशिवाय मी आजवर पुढचं पाऊल टाकलेलं नाही. दम्मा सोडून तू मला भिंतीला गायला सांगतेस. मोहल्ला मला घाईचा प्रवासी म्हणेल. आणि म्हणेना का, पण तुझ्या मेंदीचं कडवं मी असं हवेत सोडून देऊ? ते नाही जमणार मला. नाही म्हणजे नाही."

बदावीचा नकार म्हणजे नांगर टाकलेलं जहाज. शाहीनाझ फोन हातात धरून मोरीपाशी उभी राहिली. नवाल तिथे मासे साफ करत होती. तिने सगळं ऐकलं होतं, कारण ह्या घरात ऐकू न येण्याची सोयच नव्हती. तिने खवल्यांनी भरलेल्या हातानेच फोन घेतला.

"बदावी, भिंतीला गाणार नाहीस तू? आयुष्यभर दुसरं काय केलंस?"

"आता हिला काय झालं?"

"टेपा आठवतात का? शाहीनाझ एवढीशी होती तेव्हाच्या? केबिनमध्ये बसून टेपरेकॉर्डरपुढे गायचास आणि कुठल्या कुठल्या बंदरातून पोस्टाने पाठवायचास. टेप यायला महिना महिना लागायचा. ही टेपरेकॉर्डरपुढे उभी राहायची, हात मागे बांधून. तू विचारायचास, 'आज दिवा कुणाच्या घरी?' आणि गप्प बसायचास. तेवढ्यात ही ओरडायची, 'बदावीच्या घरी!' मग तू म्हणायचास, 'शाब्बास.' तिला वाटायचं, बाबा त्या डब्यात बसलेत आणि ऐकतायत. एकदा तरी तिचा शब्द पुरा व्हायच्या आत तू पुढे गेलास का? तेव्हा काय ऐकू येत होतं रे तुला?"

फोनवर समुद्राचा आवाज येत राहिला. उपग्रहाला एवढा वेळ लागत नाही, हे शाहीनाझला ठाऊक होतं.

"तेव्हा," बदावी हळू म्हणाला, "ती श्वास कुठे घेते ते मला माहीत होतं."

"मग आता काय विसरलास?"

"नाही."

"मग झालं तर. आणि आमचे श्वास तुला नसतील माहीत, तर चाळीस वर्षं कुणाबरोबर गायलास?"

मग बदावीने घसा खाकरला. "त्या मितवल्लीला बजावून ठेव. मध्येच ढोलकी बडवत सुटायचं नाही म्हणावं."

नवालने फोन परत दिला आणि मासा उलटा केला. शाहीनाझने मागून तिला मिठी मारली. "अगं, खवले लागतील," नवाल म्हणाली, पण हलली नाही. शाहीनाझ तिच्या खांद्यावर रडली, आणि ते रडणं इतकं सुखाचं होतं, की तिला ते थांबवावंसं वाटेना.

मेंदीच्या दिवशी दुपार उलटली तशी गल्ली भरू लागली. सतरंज्या पडल्या, गॅलरी ते गॅलरी दिव्यांच्या माळा गेल्या, सय्यादियाच्या तांबूस भाताचा आणि तळलेल्या कांद्याचा वास कालव्यापर्यंत पोहोचला. हैथमची मंडळी पोर्ट फुआदहून आली ती त्याच्याच फेरीने, आणि त्याच्या साथीदाराने धक्क्याला लागेपर्यंत भोंगा सोडला नाही. शाहीनाझ हिरव्या पोशाखात मधोमध बसली. दोन मावश्यांनी तिचे दोन हात ताब्यात घेतले आणि तळव्यांवर, बोटांवर ओल्या मेंदीचे गोळे थापले.

"आता कशालाही हात लावायचा नाही," मोठी मावशी म्हणाली. "रंग पसरला तर नवरा पसारेवाला मिळतो."

"नवरा मिळालाय, मावशी. तो काय समोर बसलाय."

"म्हणूनच सांगतेय."

फोन शाहीनाझच्या मांडीवर होता. इथला आवाज जहाजाला जाऊ न देण्याचं बटण तिने आधीच दाबून ठेवलं होतं. चित्र मात्र दोन्हीकडून चालू; चादरीशेजारी ठेवलेल्या कॅमेऱ्यातून बदावीला गल्ली दिसत होती. सूर्य बुडता बुडता चादरीवर बदावी आला. इस्त्रीची पांढरी पायघोळ गलाबिया, मांडीवर सिमसिमिया, मागे लाल झालेला समुद्र आणि दाटीवाटीने बसलेले खलाशी. फिलिपिनो खानसाम्याच्या हातात उपडं पातेलं. ठेका ढळू नये म्हणून त्याला नेमलेलं होतं.

बदावीने चित्रात मुलीकडे नीट पाहून घेतलं. मग डोळे मिटले.

"आज दिवा कुणाच्या घरी?"

"बदावीच्या घरी!"

टाळ्या अशा पडल्या, की सतरंजीखालची फरशी हलली. आणि तिसरी टाळी पडते न पडते तोच बदावीची पुढची ओळ आली, अगदी नेमक्या जागी, जणू तो कड्यातच मांडी घालून बसलाय.

"कुणी आणला लाटांवरी?"

"चंद्राने आणला लाटांवरी!"

गल्ली पिसाटली. ठेका चढत गेला. म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या, हैथमच्या काकाने काठी डोक्यावर धरून नाच सुरू केला. बदावी तिकडे एकटाच, एकही टाळी न ऐकता, ओळ टाकत होता आणि जागा सोडत होता. शाहीनाझचं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर होतं. प्रत्येक जागेत त्याचे ओठ किंचित हलत होते. तो कड्याचा जवाब मनातल्या मनात म्हणत होता.

तिसऱ्या कडव्याला घात झाला. अम्मो मितवल्लींना राहवलं नाही. बजावून ठेवलेलं सगळं विसरून त्यांनी जवाबाच्या शेवटाला आपली ती जुनी, लांबलचक, गडगडती उठाण घेतली. बाबांची ओळ आता ढोलकीखाली चिरडणार! मोठ्या मावशीने डोळे मिटले. पण ढोलकी गडगडत राहिली आणि बदावी गप्पच राहिला. चादरीवर त्याचं बोट तारेवर थांबलं होतं, मान हळूहळू डोलत होती. उठाण संपली. शेवटची थाप पडली. आणि तेव्हाच त्याने पुढची ओळ उचलली.

त्याने त्या उठाणीची जागा आधीच सोडून ठेवली होती. चाळीस वर्षांत तिसऱ्या कडव्याला मितवल्ली एकदाही थांबला नव्हता, तो आज थांबणार होता थोडाच?

"ओळखतो मला, हरामखोर!" अम्मो मितवल्ली ओरडले, आणि बाहीने नाक पुसत पुसत वाजवत राहिले.

मग शेवटचं कडवं आलं. खानसाम्याचं पातेलं मंद झालं.

"आज दिवा चालला कुणाच्या घरी?"

हे कुणाला शिकवलेलं नव्हतं, पण शिकवायची गरजही नव्हती. "हैथमच्या घरी!" सगळं कडं ओरडलं, आणि पोर्ट फुआदची मंडळी तर उठून उभी राहिली. हैथम लाल झाला.

बदावीने तार छेडली. मिटल्या डोळ्यांनी विचारलं,

"दिवा गेला, उजेड कुणाच्या घरी?"

आणि जागा सोडली.

जवाब सगळ्यांना माहीत होता. गाण्याचा पहिलाच जवाब तो, जन्मापासूनचा. पण कड्यातल्या एकाही माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. अम्मो मितवल्लींचा हात ढोलकीवर उगारलेलाच राहिला. नवालने तोंडाला ओढणी लावली होती. जागा चालली होती, रिकामीच चालली होती. चादरीवर बदावीचे ओठ एकटेच हलायला लागले.

नवरीने स्वतःच्या मेंदीला गायचं नसतं. शाहीनाझ ताडकन उभी राहिली, मेंदीचे हात आपोआप पाठीमागे गेले, आणि टेपरेकॉर्डरपुढे उभी असल्यासारखी ती जीव खाऊन ओरडली,

"बदावीच्या घरी!"

"शाब्बास," बदावी म्हणाला.

त्याने ऐकलं नव्हतं. त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्याने शेवटची तार छेडली, तळहाताने ती थांबवली आणि डोळे उघडले.

गल्ली वेडीपिशी झाली होती, पण तिचा आवाज त्याच्यापर्यंत जात नव्हता. चित्रात त्याला माणसं उसळताना दिसत असतील, पण ती आनंदाने उसळतायत की ठेका मोडला म्हणून, हे मुक्या चित्रावरून कसं कळावं? चाळीस वर्षांचा म्होरक्या पहिल्यांदा गायला उभ्या राहिलेल्या पोरासारखा पडद्याकडे बघत होता. घाबरला होता बिचारा.

शाहीनाझ फोनकडे झेपावली. "मेंदी! मेंदी!" मावश्या किंचाळल्या. तिने ओल्या मेंदीचा अंगठा तसाच त्या बटणावर दाबला.

"आता!" ती ओरडली, आणि गल्लीतल्या, गॅलऱ्यांतल्या, गच्च्यांवरच्या सगळ्या बायकांनी एकदम झगारीत घातली. आवाज निघाला. जहाजाच्या दिशेने वर चढू लागला.

चादरीवर बदावी अजून तसाच होता. त्याने पुढे वाकून, अगदी हळू विचारलं, "पोहोचलं का गं, पोरी?"

कुणीही उत्तर दिलं नाही. शाहीनाझनेही नाही. उत्तर निघालेलं होतं, वाटेतच होतं. कितीही रुंद लाइन आणून जो उशीर तिला पुसता आला नव्हता, त्या उशिरात ती आता उभी होती आणि बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याला कळायच्या आधी तिला माहीत होतं, की आता त्याला कळणार आहे. ह्या एवढ्याशा वेळाचा तिला इतका आनंद झाला, की तो आणखी थोडा लांबला असता तरी तिने तक्रार केली नसती.

मग बदावीची मिशी थरथरली, आणि खालून हसू वर आलं.

शाहीनाझच्या उजव्या अंगठ्यावरची मेंदी फोनलाच पुसली गेली, तिथे रंग काही चढला नाही. दुसऱ्या दिवशी लग्नात जो तो विचारत होता, इथे पांढरं का राहिलं? ती प्रत्येकाला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत होती.